सहा पगड्यांची सभा

ढवळगडच्या नाट्यशाळेत पडदा ओढणाऱ्या बायजाच्या पोटावर पाय आला, कारण पडदाच विकायला निघाला. कारभारी त्र्यंबकरावांचा पगार पुन्हा वाढला होता ना! मागच्या वाढीत गदा गेली, तेव्हापासून भीम मुसळ घेऊन लढत होता.

पगार वाढवणारे पाच पंच कारभाऱ्यांचेच सोयरे, आणि सभेला कधी फिरकायचे नाहीत. थोरल्या महाराजांचा कायदाच तसा. पगडी पाठवली की माणूस हजर, आणि हजर माणूस गप्प बसला की ठराव कबूल. लोडांवर पाच पंचांच्या पगड्या मांडायच्या, सहावी खुद्द कारभाऱ्यांची. कारकुनाने ठराव वाचायचा. एकही पगडी हूं की चूं करायची नाही. झाला मंजूर! पगड्यांपुढचे विडे कारकून खायचा.

बायजा थेट महाराजांपुढे गेली. महाराज हट्टी. आजोबांच्या कायद्याला हात लावणार नाही म्हणाले.

"पंचांचा ठराव पंचांनीच फिरवावा. उद्याच्या सभेत तूच मांड. एकाने जरी हरकत घेतली, तरी ढवळगड सोडायचं."

सोयरे सोयऱ्याचा पगार कापणार? सगळा दरबार फिदीफिदी हसला. कारभाऱ्यांनी तर नेहमीसारखी पगडी धाडली आणि सासुरवाडीला फणस खायला गेले.

सभा भरली. महाराज स्वतः येऊन बसले. बायजाने पगड्यांना मुजरा केला, कारभाऱ्यांच्या पगडीला जरा जास्तच वाकून.

"पडदा विकू नये. कारभाऱ्यांचा पगार नटांना वाटावा. कुणाची हरकत?"

पगड्या गप्प. एकीवर माशी बसली, तीही बोलली नाही.

"एकमताने मंजूर," बायजा म्हणाली.

बातमी फणसापर्यंत पोचली. हाताला चीक, डोकं बोडकं, असे कारभारी धावत आले. "महाराज, मी सभेला नव्हतोच!"

"अगंबाई, नव्हतात?" बायजा म्हणाली. "मग इतक्या सभांचा पगार परत करा. आणि होतात, तर बोलला का नाहीत?"

महाराज इतके हसले, की त्यांचीच पगडी घरंगळून लोडावर बसली. बायजाने लगेच तिलाही मुजरा केला.

"महाराज, पडदा ओढणारीचा पगार दुप्पट करावा म्हणते. आपली हरकत?"

पगडी काही बोलली नाही. महाराजांना हसू आवरेना. त्यांनी गळ्यातला कंठा काढून बायजाच्या ओंजळीत टाकला. कारकुनाने 'मंजूर' लिहिलं आणि सातवा विडा तोंडात घातला.