अनसाबाईचा दगड

खडकओढ्याच्या मैदानात उत्तरेच्या अंगाला हा काळा दगड आहे बघा, बसायला जेमतेम एका माणसापुरता. सिद्धोबाच्या जत्रेत कुस्त्या लागतात तेव्हा मगदुमांच्या घरातली एक बाई येऊन त्याच्यावर बसते. जोड ठरली, नावं पुकारली, की दोन्ही पैलवान मातीत उतरायच्या आधी तिच्याकडं येतात. ती त्यांचे हात हातात घेते आणि एवढंच विचारते, "सकाळी काय खाल्लंस, बाळा?" दाराएवढाले गडी, पण तिथं खाली बघून उत्तर देतात. तिनं होकार दिला तर कुस्ती लागते, नाहीतर नाही, मग गडी कितीही नावाजलेला असो. तुमच्यासारखे नवे पाहुणे आधी हसतात. हसावं, त्यात काही वावगं नाही. पण असं का, ते ऐकून जावं.

इथं संस्थानाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. या गावात हैबती मगदूम नावाचा एक पैलवान राहायचा, अनसाबाई त्याची बायको, आणि नवसासायासानं झालेला सिदू हा त्यांचा एकुलता लेक.

हैबती पोरवयात म्हशींमागं फिरायचा. चिखलात रुतलेली गाडी एकट्यानं उचलतो म्हणून लोकांनीच त्याला तालमीत नेऊन घातला. त्यानं पैलवानाचे असतात तसे कान मोडून घेतले, नदीकाठची सगळी मैदानं मारली. राजानं भर दरबारात त्याला फेटा बांधला होता म्हणे. मग एका कुस्तीत गुडघा गेला. दुसरा कुणी ओट्यावर बसून जुनं सांगत राहिला असता. हैबतीनं मैदानं भरवायला घेतली. लाल माती आणायची, तिच्यात ताक, तेल, हळद कालवायची, गावोगावच्या तालमींना आवतणाचे नारळ धाडायचे, सगळं तो स्वतः बघायचा. पण त्याचा खरा हातखंडा होता तो जोड लावण्यात. दोन गडी समोर उभे करून त्यांच्याभोवती लंगडत एक फेरी मारायचा, मान बघायचा, मनगटं बघायचा आणि म्हणायचा, "लावा." हरलेलं पोरही धडधाकट घरी जायचं. आया आपल्या लेकांना सांगायच्या, लढायचं तर हैबती वस्तादाच्या मैदानात लढ.

त्या मैदानात बाईनं मात्र पाऊल टाकायचं नाही. बाईची सावली पडली की माती बाटते, असं तेव्हा मानायचे. हैबतीही मानायचा.

एका साली जत्रेत शेवटच्या कुस्तीचा एक गडी आलाच नाही, वाटेत त्याची गाडी उलटली. दुसरा येऊन उभा होता. बसगोंडा त्याचं नाव, नदीपलीकडच्या तालमीत आईबापाविना वाढलेला शांत पोरगा. लोकांनी गलका केला. "वस्ताद, आता काय तुमचा गुडघा बघत बसायचं व्हय?" कुणीतरी ओरडलं. हैबतीला ते लागलं. त्यानं गर्दीत बसलेल्या सिदूकडं बघितलं. सिदूही तालमीत जायचा. नुकताच तापातून उठला होता, पण बापानं बघताच ताडकन उभा राहिला. हैबतीनं त्याच्याभोवती फेरी मारली. असं सांगतात की त्याला तिथं सिदू दिसलाच नाही. स्वतःच दिसला, ऐन उमेदीतला.

"लावा," तो म्हणाला.

तिकडं अनसाबाई बैलाला वैरण टाकायला गोठ्यात गेली, तर गव्हाणीच्या कोपऱ्यात सकाळची दूधभाकरी पडलेली. जेवण गेलं तरच आज लढायचं, असं तिनं सिदूला बजावलं होतं, आणि पोरानं तिला रिकामं ताट दाखवलं होतं. तेवढ्यात मैदानाकडून सिदूच्या नावाचा पुकारा ऐकू आला. हातातली वैरण टाकून ती पळत सुटली. या दगडापाशी गावच्याच लोकांनी तिला अडवलं.

"आक्का, बाईमाणसानं म्होरं जायचं न्हाई."

"मी न्हाई जात. त्यास्नी एवढं सांगा, पोराच्या पोटात अन्न न्हाई."

"मग घरला आल्यावर चार भाकरी जास्ती वाढ की," एकजण म्हणाला, आणि बाकीचे हसले.

तिनं हाका मारल्या. पण हलगी कडाडत होती, हाक मातीपर्यंत गेली नाही.

बसगोंडानं ढाक मारली, त्याला कमरेवरून उलटा फेकला. रोजचाच डाव तो. समोरचा गडी हात टेकून मान वाचवतो. सिदूच्या हातांत तेवढीही ताकद नव्हती. तो मानेवर पडला. हलगी एकदम बंद झाली, आणि अनसाबाईला इथं उभ्या जागी कळलं.

राख सावडून आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी त्येचं अंग बघून फसलासा. मी त्येचं ताट बघून फसले."

हैबतीनं मैदानातली माती गाडीत भरून नदीत सोडली. फेटा देवळात ठेवून आला. आखाड्यात बाभळी उगवल्या. हैबती तिकडं फिरकला नाही.

तीन जत्रा अशाच गेल्या. मग एके सकाळी बसगोंडा दारात येऊन उभा राहिला. अंग वाळून काटकी झालेलं. त्या दिवसापासून तोही मातीत उतरला नव्हता, आणि लढेना म्हणून तालमीनं त्याला काढून टाकलं होतं. त्याला बघून हैबतीनं भिंतीकडं तोंड केलं.

"आई," बसगोंडा म्हणाला, "काय शिक्षा करायची ती कर."

अनसाबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं त्याचा हात हातात घेतला.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काय न्हाई."

"आनि काल?"

तिनं चुलीपुढं पाट मांडला. पहिला घास हातात धरून तो नुसता बसून राहिला म्हणे. ती रडली नाही, त्याची समजूतही घातली नाही. पुढची भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली. बसगोंडा जेवला, आणि त्या घरातून परत गेलाच नाही.

पुढं गावातलं एक पोरगं दुसऱ्या मैदानात लढायला गेलं. तिथं भलत्याच गड्याशी जोड लावली, आणि पोराला बाजेवर घालून घरी आणावं लागलं. अनसाबाई त्याला बघून आली आणि हैबतीपुढं बसली.

"मैदान मोडलं म्हनून पोरं लढायची ऱ्हात न्हाईत. जात्यात, आनि त्यांच्याकडं बघनारं कोन न्हाई. तुमी परत जोड लावा."

"माझ्या नजरंवर माझाच भरवसा न्हाई."

"एकट्याच्या नजरंवर टाकायचंच कशाला? जोड तुमी लावा. लढायचं का न्हाई, ते मी त्यास्नी इचारीन."

गावचे पंच बिथरले. बाई मैदानात बसणार म्हटल्यावर देवळात मोठी बैठक झाली. हैबतीनं ऐकून घेतलं आणि उठून म्हणाला, "तिच्या सावलीनं बाटायचं काय ऱ्हायलंय? माझ्या हातानं ती माती कवाच बाटलीया." मग पंचांनी होकार दिला.

बसगोंडानं बाभळी तोडल्या, गाडीनं माती आणली. जत्रेला अनसाबाई आली ती इथवर, जिथं तिला अडवलं होतं. पंच म्हणाले, आता पुढं ये. "हितवर आले हुते, हितंच बसते," ती म्हणाली, आणि या दगडावर बसली. तेव्हापासून या मातीत कुणाच्या लेकाचा जीव गेलेला नाही, असं जुनी माणसं सांगत आलीत.

बसगोंडा पुन्हा लढला नाही, पण तालमीतली पोरं त्यानं घडवली. भावकीचा विरोध मोडून हैबतीनं त्याला आपलं आडनाव दिलं, अनसाबाईनं त्याचं लग्न लावलं. पहिला नातू झाला तेव्हा बायका नाव सुचवायला लागल्या, सिदू ठेवा. अनसाबाईनं ठेवू दिलं नाही. "त्ये नाव दिल्यालं हाय," ती म्हणाली. त्याच्या पाठीवर आणखी नातवंडं झाली. हैबतीनं डोळे मिटले तेव्हा ही पोरं त्याच्या अंथरुणाभोवती खेळत होती म्हणे.

आजही मगदुमांच्या अंगणात संध्याकाळपर्यंत पोरांच्या कुस्त्या चाललेल्या असतात. जेवायला या म्हणून एकीनं हाक मारून भागत नाही, दोघी-तिघींना बाहेर यावं लागतं.