भुयाराच्या तोंडचा दिवा

माणूस अजून रानात शिरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. डोंगराच्या पोटात काळं तेल होतं. साळिंदरं भुयारं खणून ते भोपळ्यांत भरून आणत. त्यातला पहिला भोपळा भुयाराच्या तोंडाशी दिव्यात ओतायचा, अशी रीत होती. आत गेलेल्याला त्या उजेडावर परतीची वाट सापडे.

मग नदीपलीकडची माकडं तेल मागू लागली. बदल्यात मीठ आलं, मका आला, पिल्लं बाळसं धरू लागली. रानाचा मुखिया तरस म्हणाला, "दिव्यात कशाला जाळता? त्या भोपळ्याचाही मका येईल!" दिवा विझला. टोकू नावाच्या छोट्या साळिंदराचा दादा अंधारात वाट चुकला आणि आतच गुदमरून मेला.

तरी तरसाने मक्याची जेवणावळ घातलीच. "खा रे टोक्या, तुझ्या दादाच्याच मेहनतीचा आहे. व्यापार काय वाईट?"

"व्यापार चांगलाच आहे, तरसकाका!" टोकूचे काटे ताठ झाले. "पण तुम्ही आमचा दिवासुद्धा विकलात! दादाने वाट कशी शोधायची होती? तुमचे दात बघून?"

माकडांसाठी ठेवलेला एक भोपळा उचलून तो धावत सुटला आणि सगळं तेल त्याने दिव्यात ओतून पेटवलं. तरस गुरगुरत मागे आला, पण दिव्याभोवती साळिंदरं काटे फुलवून उभी राहिली.

थोड्या वेळाने, सकाळपासून आत अडकलेलं एक म्हातारं साळिंदर उजेड बघत बाहेर आलं. सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या.

टोकू मात्र भुयाराकडेच बघत बसला.