साफ केलेली भुईआवळी

"ही सगळी भुईआवळीच आहे ना?"

भैरवगिरी बुवांनी एवढंच विचारलं. दिगंबरनं मानही वर केली नाही. खलातला हिरवा लगदा तो फडक्यातून वाटीत पिळत होता.

"आहेच, बुवा."

मठाच्या पायरीवर चंद्राबाई लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर सहा वर्षांची, डोळे काविळीनं हळदीसारखे पिवळे. दोन दिवस तिच्या पोटात काही ठरत नव्हतं.

दिगंबर शहरातून वैद्यकी शिकून आलेला. हुशार, पण भारी तोऱ्याचा. मठात बुवांच्या हाताखाली सहा महिने काढल्यावर आज पहिल्यांदा औषध त्याच्या हातून जायचं होतं.

बुवांनी उरलेली जुडी उचलली. धुतलेली, निवडलेली, अगदी लख्ख. भुईआवळीच्या शेजारी हुबेहूब तिच्यासारखंच एक तण उगवतं. फरक काय तो पानांखालच्या फळात. भुईआवळीचं गुळगुळीत, बारीक देठाला लोंबणारं. त्या तणाचं खरबरीत, काडीला चिकटलेलं. ते तण बुवांनी कधी कुणाला दिलं नव्हतं.

"फळं कुठं गेली?"

कचरा नको म्हणून ओढ्यावर धुतानाच खुडून टाकली, असं दिगंबर म्हणाला. उपटताना बघितली होती की, हेही त्यानं जरा चिडूनच ऐकवलं.

"प्रत्येक रोपाची?"

दिगंबर कोरडं झालेलं फडकं पुन्हा पिळू लागला.

"दिगंबर."

"पहिल्या चार-पाच रोपांची."

बुवांनी जुडी खाली ठेवली. आता मलाही सांगता येणार नाही, म्हणाले.

चंद्राबाईला यातलं काही कळलं नाही. द्यायचं ना आता, तिनं विचारलं. पोरीनं आपणहून तोंड उघडलं.

"दे," बुवा म्हणाले. नजर मात्र दिगंबरच्या हातावरून हलली नाही.

दिगंबरनं वाटी तिच्या ओठांपर्यंत नेली. बुवा अडवतील म्हणून तो थांबला... बुवांनी अडवलं नाही. त्याला बुवांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

त्यानं वाटी मागं घेतली आणि रस अंगणात ओतून टाकला.

"ताई, चुकलं माझं. यात काय होतं, मला माहीत नाही."

चंद्राबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. नवी भुईआवळी आणायला दिगंबरनं टोपली उचलली, पण पाऊल पुढं टाकवेना.

"बुवा, तुम्ही चला बरोबर. मला ती खात्रीनं ओळखता येत नाही."

बुवा पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसले.

"म्हणूनच आता तू एकटा जा."