राखण न लागणारी ज्वारी

परदेशी संस्थेच्या भागीदारीत कोरडेवाडीच्या गायरानावर ज्वारीचं नवं वाण लावलं होतं. करार वाढवायचा की गायरान गावाला परत द्यायचं, हे ठरवायला संस्थेच्या मार्टाबाई आल्या.

प्रकल्पप्रमुख डॉक्टर निरगुडकरांनी त्यांना हुरड्यात आलेलं पीक दाखवलं. "कुंपण नाही, राखणदार नाही, तरी तीन वर्षांत एक कणीस चोरीला गेलेलं नाही! गावाने प्रयोग आपलासा केलाय, याला आणखी काय पुरावा हवा?" मग ते सरपंच सुंदराबाईंकडे वळले. "काय बाई, खोटं बोलतोय का मी?"

"खरं हाय की साहेब," सुंदराबाई म्हणाल्या आणि त्यांनी शेजारच्या वावराकडे बोट केलं. तिथे मचाणावर एक म्हातारा गोफण घेऊन बसला होता. "ते आमचं मालक. आमच्या जुन्या वाणाची राखण करत्यात. गाव हेच, पाखरंबी हीच. पर महिना झाला, त्यास्नी घरी जेवायला यायची सवड न्हाई."

दुभाष्याने ते सांगितलं. मार्टाबाई बांध ओलांडून मचाणाकडे चालू लागल्या.

करार वाढला, पण बी सुंदराबाईंच्या वावरातलं घ्यायचं ठरलं. पुढच्या हुरड्याला डॉक्टरसाहेबांनी संस्थेकडे तातडीने मागणी केली ती राखणदाराची.