पिटुकली आणि मेट्रोचा खड्डा

एक होतं शहर. शहरात होता मोठा रस्ता. रस्त्यावर बांधत होते मेट्रोचं स्टेशन. म्हणून फाटक लावून रस्ता बंद!

बंद रस्त्यावर राहायची एक कोंबडी. तिची पिल्लं सहा. सगळ्यांत छोटी पिटुकली.

एका सकाळी पिटुकली गेली मुंगीच्या मागे. तुरुतुरु, तुरुतुरु. तेवढ्यात मशीन आलं. खडाड् खडाड्! मधोमध खणला लांबच लांब खड्डा.

खड्ड्याच्या पलीकडे आई. अलीकडे पिटुकली.

"चिव चिव! आई गं!"

"कुर्र कुर्र! रडू नको गं बाळा!" आई म्हणाली. पण तिच्या पंखाखाली पाच पिल्लं. त्यांना सोडून कशी येणार?

ऊन कलायला लागलं. पिटुकलीला वाजायला लागली थंडी.

पिटुकली खड्ड्याला म्हणाली,
"खड्ड्या खड्ड्या, बुजतोस का?
आई मला भेटेना!"

खड्डा म्हणाला, "पोट माझं रिकामं. माती पडली तर बुजेन."

पिटुकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. फाटकाखालून गेली बाहेर. तिथे डंपर उभा. डंपरच्या पाठीवर माती.

"मातीताई, पडतेस का?
खड्डा काही बुजेना,
आई मला भेटेना!"

माती म्हणाली, "मला कुठे पाय? डंपर हलला तर पडेन."

पिटुकली गेली पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु. डंपर चालवणारे यासीनचाचा चहा पीत होते.

"चाचा चाचा, डंपर हलवता का?
माती काही पडेना,
खड्डा काही बुजेना,
आई मला भेटेना!"

चाचा म्हणाले, "सकाळपासून उभा आहे गं बेटा! तिसरा चहा झाला. फाटक उघडलं तर हलवेन."

पिटुकली गेली फाटकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फाटका फाटका, उघडतंस का?
डंपर काही हलेना,
माती काही पडेना,
खड्डा काही बुजेना,
आई मला भेटेना!"

फाटक म्हणालं, "शेवंतामावशीची शिट्टी वाजली तर उघडेन."

शेवंतामावशी बसली होती फाटकाशेजारी स्टुलावर. डोक्यावर पिवळी टोपी. गळ्यात शिट्टी. हातात लाल झेंडा.

"मावशी मावशी, शिट्टी वाजवतेस का?
फाटक काही उघडेना,
डंपर काही हलेना,
माती काही पडेना,
खड्डा काही बुजेना,
आई मला भेटेना!"

मावशी म्हणाली, "छे छे! आत खड्डा आहे. कुणी पडलं म्हणजे? आधी खड्डा बुजू दे. मग वाजवेन शिट्टी."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं!

पिटुकली मट्कन खाली बसली. थरथर कापत रडायला लागली.

"शिट्टी काही वाजेना,
फाटक काही उघडेना,
डंपर काही हलेना,
माती काही पडेना,
खड्डा काही बुजेना,
आई मला भेटेना!"

मावशी ऐकत होती. ऐकता ऐकता तिने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! खड्डा बुजेना म्हणून शिट्टी वाजेना. आणि शिट्टी वाजेना म्हणून खड्डा बुजेना! अहो यासीनभाई, आपण सगळे बसलोय एकमेकांची वाट बघत!"

"मग आधी कोण?" चाचांनी विचारलं.

"आधी मी!" मावशी म्हणाली.

ती गेली खड्ड्याच्या काठाला. लाल झेंडा धरला उंच. "हळू या हं! इथे थांबा!" आणि ओठांत धरली शिट्टी.

शिट्टी वाजली, फुर्रर्र!
फाटक उघडलं, कर्रर्र!
डंपर हलला, घुर्रर्र!
माती पडली, धबाधब!
खड्डा बुजला, गपागप!

आणि पिटुकली?

पिटुकली पळाली मातीवरून. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

आई म्हणाली, "ये गं माझी राणी!"

पंख उचलला. पिटुकली आत शिरली. पंख मिटला.

आत होतं उबदार. आत होतं मऊ मऊ.

आतून आवाज आला, अगदी हळू,

"चिव."