उलटफुलांची साखळी

नाकं पुसा, तोंडं मिटा. कुणाला भूक लागली असेल तर आत्ताच खाऊन या, मधे मी थांबणार नाही.

बकुळीच्या घरी खायला रोज नसायचंच. आई वह्यांच्या कारखान्यात कागद कापायची, येताना रंगीत पट्ट्या आणायची. बकुळी त्यांची सहा कोनांची इवली फुलं घडवायची. फूल चिमटीत दाबलं की मधून उमलायचं, गुलाबी रंग आत जायचा आणि लपलेला निळा वर यायचा. म्हणून ती त्यांना उलटफुलं म्हणायची.

एकदा बागेत चाफ्याखाली तिनं फूल दाबलं, तर आतून अंगठ्याएवढी, चांदीच्या पंखांची परी बाहेर पडली आणि किंचाळलीच, "अगंबाई! न सांगता उघडतात का असं?"

बकुळीही किंचाळली. तिचा धाकटा भाऊ दौलू तर दोघींहून मोठ्यानं.

परी सावरली. "बरं, माग काहीतरी. फूल अजून तीनदाच उघडेल हं. आणि एक वर आलं की एक आत जाईल."

नियम कोण ऐकतं? तुम्ही तरी ऐकता का, लबाडांनो?

"दौलूला गुळपोळी दे!" म्हणत बकुळीनं फूल दाबलं. तुपानं निथळणारी सोनेरी पोळी आली. आणि दौलू गायब!

कागदातून बारीक आवाज आला, "ताई, मी इथं आहे गं!"

पोळीकडं न बघता बकुळीनं पुन्हा दाबलं. पोळी आत गेली, दौलू धपकन बाहेर पडला.

"माझी पोळी कुठाय?" त्यानं भोकाड पसरलं. मग डोळे वटारून म्हणाला, "ताई, आत अजून सात पोरं आहेत!"

"काय?"

परीनं मान खाली घातली. "त्यांच्या घरच्यांनी पोळ्या खाल्ल्या आणि फुलं टाकून दिली. सगळ्या फुलांचं आत एकच असतं, पण एका फुलातून एकच पोर निघतं गं. आणि तुझं दाबणं उरलंय एकच."

बकुळीनं परीच्या फुलाला आपली सहा फुलं जोडली. कोनात कोन अडकवला, झाली साखळी. एक दाबलं की सगळी उमलणार!

"थांब! सात बाहेर, मग आत काय घालशील?" परी ओरडली.

"माझ्याकडं आहेच काय? भूक आहे, आमच्या दोघांची. मोठी आहे, सात जणांच्या जागी पुरेल."

परीचं तोंड उघडं ते उघडंच. असलं कुणी कधी दिलंच नव्हतं.

बकुळीनं दाबलं. फट् फट् फट्! लाल, जांभळी, पोपटी फुलं उमलली, सात पोरं गवतावर गडगडली आणि भूक आत गेली ती गेलीच. दौलूनं असा ढेकर दिला की झाडावरचे राघू उडाले.

परी खुदकन हसली, त्या हसण्याचाच लख्ख उजेड झाला आणि ती त्यात विरून गेली.

मग गावात सात दारं वाजली. उघडणाऱ्यांची तोंडं, अहाहा, बघण्यासारखी झाली!