मुसंडरावांची घरवापसी आणि चौदा गोल

एक होतं जंगल. जंगलात होतं एक कॉलेज. तिथं शिकत कुणीच नव्हतं, पण फुटबॉलची टीम होती, म्हणून कॉलेज नामवंत.

टीमचे कोच भेकर मास्तर. हरणांतलं सगळ्यात बुटकं हरीण, पण संकट दिसलं की असं भुंकायचे की डोंगरापलीकडं ऐकू जावं. त्यामुळे त्यांना शिट्टी कधी लागलीच नाही.

यंदा मास्तरांना जिंकायचंच होतं. रिवाज असा, की हंगामाची पहिली मॅच जो मारेल, वर्षभर मैदान त्याचं. आपण जिंकलो तर तिथलं कोवळं गवत हरणांना. नाल्यापलीकडची रानडुकरं जिंकली, तर ती कंद काढायला अख्खं मैदान उकरणार. गेल्या साली डुकरांनी चौदा गोल चढवले, मैदानाची नांगरट केली, आणि मास्तरांच्या घरी बारा महिने वाळका पाला.

"यंदा गवत नाही आलं ना," बायकोनं सांगून टाकलं, "तर मी चालले माहेरी. आणि तुमची भुंक ऐकून परत यायची नाही."

म्हणून मास्तरांनी यादी डोकं लावून केली. पुढं ससे, पळायला. मागं गवे, अडवायला. आणि गोलात साळू. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे. येईल तो बॉल काट्यावर फुटायचा, आणि फुटलेल्या बॉलचा गोल धरत नाहीत.

यादी गेली अध्यक्षांकडे. अध्यक्ष अर्थातच वाघसाहेब.

"ही साळू कशाला? गोलकीपर कसा हसतमुख पाहिजे. आपला तरस घ्या."

"साहेब, गेल्या साली तोच होता. चौदा गोल खाल्ले!"

"पण हसत खाल्ले ना? याला मनोधैर्य म्हणतात, मास्तर."

कोपऱ्यात तरस हसला. वाघसाहेबांनी मास्तरांच्या मानेकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मास्तरांनी साळूचं नाव खोडलं आणि तिला 'मार्गदर्शक' केलं. या जंगलात कुणाला काढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाल्यातून चिखल उडवत सात रानडुकरं आली. पुढं त्यांचे कॅप्टन मुसंडराव. वाघसाहेबांनी सातही जणांच्या गळ्यात आपली जांभळी जर्सी घातली. मान कुठं संपते ते सापडेना, म्हणून जरा वेळ लागला.

"बंधूंनो!" मुसंडराव गरजले. "मी टीम बदललेली नाही. मी फक्त नाला ओलांडला! माझ्या कळपाचा आग्रह होता, आणि मला मैदानाचा विकास करायचाय!"

"गेल्या साली केलात तेवढा बास नाही का?" मास्तर पुटपुटले.

"मास्तर, जुनं उकरून काढू नका," वाघसाहेब म्हणाले. "उकरायला आता हे आहेत."

सात डुकरं आत आली, म्हणजे सात ससे बाहेर. तेही मार्गदर्शक झाले. आठ दिवस मार्गदर्शन करून कंटाळले, आणि साळूला घेऊन गेले नाल्यापलीकडं. तिथं टीममध्ये जागाच जागा होती.

मॅचचा दिवस उजाडला. मास्तरांनी मुसंडरावांना बाजूला घेतलं. "राव, एवढं एकच लक्षात ठेवा. यंदा त्या बाजूला मारायचंय. त्या!"

"अहो मास्तर, आम्हाला शिकवता?"

खेळ सुरू झाला. सातही डुकरांनी मुंड्या खाली घातल्या, बॉल घेतला, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं सरळ आपल्याच गोलात घुसवला. तरस हसला. मास्तर भुंकले. पुन्हा बॉल, पुन्हा मुंड्या खाली, पुन्हा आपलाच गोल. मास्तर भुंकून भुंकून बसले. पलीकडं साळू गोलात उभी राहून कंटाळली आणि काटे साफ करत बसली. तिच्याकडं एकही बॉल फिरकला नाही.

चौदा गोल झाले.

"काय करणार मास्तर," मुसंडराव धापा टाकत म्हणाले, "डोकं खाली घातलं की पाय आपोआप वळतात हो."

पण वाघसाहेब वारुळावर चढलेच. "जंगलवासीयांनो! चौदा गोल कुणी मारले?"

"मुसंडरावांनी!"

"मुसंडराव कुणाचे?"

"आपले!"

"मग जिंकलं कोण?"

सगळं जंगल नाचायला लागलं. गुलाल उडाला. गवेसुद्धा नाचले, कारण शेजारचा नाचत होता. साळू काहीतरी ओरडत होती, पण ती पडली पलीकडची.

मैदान अर्थातच जिंकणाऱ्याला मिळालं. संध्याकाळपर्यंत सात रानडुकरांनी जांभळ्या जर्स्या घालून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरलं. मास्तरांची बायको त्याच संध्याकाळी माहेरी गेली.

मास्तर आता मार्गदर्शक आहेत. अजूनही टेकाडावर उभं राहून भुंकतात. लोक कौतुकानं थांबतात, ऐकतात, आणि एकमेकांना सांगतात, "बघा, मास्तर अजून विजयाच्या घोषणा देतायत."